नेपाळमधील गावशाळेच्या बांधकामावर स्वयंसेवक म्हणून जाताना

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराला काही मिनिटे कमी असताना नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातील बारपाक गावाच्या परिसरात केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तो शनिवार होता आणि नेपाळमध्ये शनिवारी शाळांना सुट्टी असते. या भूकंपात आणि १२ मे रोजी आलेल्या ७.३ तीव्रतेच्या दुसऱ्या मोठ्या धक्क्यात मिळून सुमारे नऊ हजार माणसे दगावली. हजारो वर्गखोल्या जमीनदोस्त झाल्या, परंतु भूकंपाच्या पहिल्या तडाख्याच्या वेळी त्यांत मुले नव्हती. पुढे ३ नोव्हेंबर २०२३ रोजी पश्चिमेकडील जाजरकोट आणि पश्चिम रुकुम या जिल्ह्यांत भूकंप झाला, तो मध्यरात्रीच्या सुमारास, आणि दीडशेहून अधिक माणसे मुख्यतः दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. दोन्ही वेळा शाळांच्या भिंती पडल्या आणि दोन्ही वेळा मुले शाळेत नव्हती, हा निव्वळ योगायोग आहे. त्याच्या भरवशावर पुढची भिंत उभी करता येत नाही.

मुलांसाठी शाळा, वाचनालय किंवा स्वच्छतागृह बांधण्याच्या कामावर स्वयंसेवक म्हणून परदेशी जाण्याची इच्छा असलेल्या मराठी माणसासाठी नेपाळ हा जवळचा आणि कागदपत्रांच्या दृष्टीने सोपा देश आहे. जाणे सोपे असले, तरी उपयोगी पडणे सोपे नाही. आपण तिथे शाळा ‘देण्यासाठी’ जात नसून गावाने ठरवलेल्या, गावाच्या गवंड्यांनी उभ्या केलेल्या इमारतीवर हाताखालचा माणूस म्हणून राबायला जात आहोत, हे एकदा पक्के झाले की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुकर होतात. हे मार्गदर्शन त्याच भूमिकेतून लिहिले आहे.

जावे की पैसे पाठवावेत

पहिला हिशेब प्रवासखर्चाचा करावा. मुंबईहून काठमांडूला विमानाने जाऊन येण्याचा, विम्याचा, राहण्याजेवण्याचा आणि गावापर्यंतच्या जीपचा खर्च एका कागदावर मांडावा आणि तेवढ्या पैशात स्थानिक गवंड्याची किती दिवसांची मजुरी भागते, हे संस्थेला सरळ विचारावे. हातात जेमतेम आठवडाभराची रजा असेल, तर माझे स्पष्ट मत असे आहे की जाऊ नये. ते पैसे खात्रीच्या संस्थेमार्फत शाळेला द्यावेत. पहिले दोन-तीन दिवस पोहोचण्यात, पुढचे तितकेच दिवस हवामानाची आणि चढउताराची सवय होण्यात जातात, आणि हात कामाला बसू लागतात तोच परतीची वेळ होते. किमान तीन आठवडे देता येत असतील, तरच जाण्याचा विचार करावा.

तरीही माणसांची गरज खोटी नाही. नेपाळच्या डोंगराळ भागातील तरुण मोठ्या संख्येने आखाती देशांत, मलेशियात आणि भारतात कामासाठी गेलेले असतात. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये रखवालदारी करणारे आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत राबणारे अनेक जण याच जिल्ह्यांतून आलेले आहेत. त्यामुळे गावात म्हातारी माणसे, बायका आणि मुले उरतात, आणि दगड-वाळू वाहायला, पाणी आणायला, माल कालवायला हात कमी पडतात. ही जागा बिगाऱ्याची आहे आणि बहुतेक स्वयंसेवकांनी तीच स्वीकारावी. नेपाळीत गवंड्याला डकर्मी, सुताराला सिकर्मी आणि बिगाऱ्याला ज्यामी म्हणतात. भिंत रचण्याचे काम डकर्मीचे आहे, आपले नाही. ज्यांच्याकडे खरोखरचे कसब आहे, म्हणजे स्थापत्य अभियंते, आयटीआयमधून शिकलेले वायरमन आणि प्लंबर, वेल्डर, हिशेबनीस, त्यांचा उपयोग अर्थातच अधिक होतो, मात्र त्यांनीही आपले कसब संस्थेला आधी कळवून, तसे काम आहे की नाही याची खात्री करून मगच निघावे.

अशा श्रमदानाची परंपरा या भागाला नवी नाही. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने नेपाळ आणि उत्तर बिहार एकाच वेळी उद्ध्वस्त झाले, तेव्हा पियेर सेरेसोल हे स्विस अभियंते आपल्या मोजक्या साथीदारांसह बिहारमध्ये आले आणि १९३७ पर्यंत गावे पुन्हा वसवण्याच्या कामात हातभार लावत राहिले. त्यांनी १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दुनजवळ युद्धात नष्ट झालेल्या गावात पहिले आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवले होते आणि त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. आपल्याकडे बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत जे गेले आहेत, त्यांना या वाटेची ओळख आहे. ज्यांनी कधीच अंगमेहनतीचे शिबिर केलेले नाही, त्यांनी परदेशाची तिकिटे काढण्यापूर्वी सोमनाथला किंवा पाणलोटाच्या एखाद्या कामावर काही दिवस राबून पाहावे. भर उन्हात घमेली उचलताना आपले शरीर आणि आपला स्वभाव कसा वागतो, हे तिथे कळते आणि तेही कोणाला अडचणीत न आणता.

संस्था आणि काम कसे पारखावे

या टप्प्यावर घाई करू नये, कारण पुढे होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच असते.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानानुसार माध्यमिक स्तरापर्यंतचे शिक्षण हा स्थानिक सरकारांचा विषय आहे. देशात अशी ७५३ स्थानिक सरकारे आहेत. ग्रामीण भागात त्यांना गाउँपालिका म्हणतात. प्रत्येक सामुदायिक शाळेला पालकांचा सहभाग असलेली विद्यालय व्यवस्थापन समिती असते. त्यामुळे कोणतीही संस्था जेव्हा सांगते की आम्ही अमुक गावात शाळा बांधतो आहोत, तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा की ही शाळा कोणाची आहे. गाउँपालिकेची मंजुरी आहे का, व्यवस्थापन समितीने ठराव केला आहे का, जमीन शाळेच्या नावावर आहे का (जमिनीच्या मालकीच्या कागदाला तिथे लालपुर्जा म्हणतात), शिक्षकांच्या जागा मंजूर आहेत का, इमारत झाल्यावर छपराची आणि संडासाची दुरुस्ती कोणी करायची हे ठरले आहे का, हे प्रश्न लेखी विचारावेत. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. तिच्याकडे कागद तयार असतात. शिक्षक नसलेली देखणी इमारत दोन वर्षांत गोठा किंवा गोदाम होते, म्हणून शिक्षकांविषयीचा प्रश्न मला आराखड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

दुसरा प्रश्न नोंदणीचा. नेपाळमधील बिगरसरकारी संस्था जिल्हा प्रशासन कार्यालयात नोंदलेली असते आणि परदेशी मदत घेऊन काम करायचे असल्यास समाज कल्याण परिषदेशी संलग्न असावी लागते. परदेशी संस्थेला या परिषदेबरोबर करार करावा लागतो. नोंदणी क्रमांक आणि मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागून घ्यावा. केवळ सुंदर छायाचित्रे आणि शुल्काचा तक्ता पाठवणाऱ्या मध्यस्थाकडे हे दोन कागद बहुधा नसतात.

शुल्काबद्दल संकोच न करता बोलावे. स्वयंसेवकाकडून पैसे घेणे मुळात गैर नाही, कारण त्याचे जेवण, निवास आणि देखरेख यांना खर्च येतो आणि तो गावावर टाकणे अधिक गैर ठरेल. पण त्यातील किती भाग साहित्याला, किती स्थानिक मजुरीला, किती यजमान कुटुंबाला आणि किती कार्यालयाला जातो, याची फोड मिळायला हवी. शिवाय हेही विचारावे की स्वयंसेवक आले नाहीत तर बांधकाम थांबते का. थांबत असेल, तर ते काम गावाच्या गरजेवर नव्हे, आपल्यासारख्यांच्या सुट्ट्यांवर चालते आहे, असे समजावे.

संस्थेने स्वयंसेवकाकडून काय मागितले, यावरूनही तिची पारख होते. ओळखीच्या दोन व्यक्तींची पत्रे, पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मुलांशी वागण्याच्या नियमांवर स्वाक्षरी, एवढे तरी तिने मागायलाच हवे. कोणालाही, कधीही आणि कितीही दिवसांसाठी घेणाऱ्या संस्थेकडे मुलांच्या सुरक्षिततेचा विचार झालेला नसतो.

इथेच एक गोष्ट ठामपणे सांगतो. बालगृहात किंवा अनाथाश्रमात राहून काम करण्याचा प्रस्ताव आला, तर तो नाकारावा, मग ते काम बांधकामाचे का असेना. नेपाळमधील बालगृहे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन अशा पर्यटकांची वर्दळ असलेल्या जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणात एकवटलेली आहेत, आणि तिथल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील, क्वचित दोघेही, हयात असतात. शिक्षणाचे आमिष दाखवून दुर्गम गावांतून मुले आणायची आणि त्यांच्या नावावर पाहुण्यांकडून पैसे मिळवायचे, असे प्रकार तिथे वारंवार उघडकीस आलेले आहेत. युनिसेफनेही अशा स्वयंसेवेविरुद्ध सावध केलेले आहे. आपण बांधलेली नवी खोली तिथे आणखी मुले घरापासून तोडून आणण्याचे कारण ठरू शकते. गावातली शाळा मात्र मुलाला त्याच्या घरी ठेवते, म्हणून श्रम तिथेच द्यावेत.

आणखी एक सूचना कामाच्या निवडीविषयी. वर्गखोलीच्या कामाला स्वयंसेवक सहज मिळतात, स्वच्छतागृहाच्या कामाला मिळत नाहीत. वास्तविक वयात आलेल्या मुलींची शाळा सुटण्याचा प्रश्न पाणी, दाराला कडी आणि स्वतंत्र संडास या तीन गोष्टींशी फार जवळून बांधलेला आहे, आणि ज्या कर्णाली व सुदूरपश्चिम भागात पाळीच्या काळात मुलींना घराबाहेर ठेवण्याची छाउपडीची प्रथा कायद्याने बंदी असूनही पुरती गेलेली नाही, तिथे तर शाळेतील स्वच्छतागृहाचे मोल अधिकच आहे. शोषखड्डा खणण्याचे काम कोणी मागत नसेल, तर ते आपण मागून घ्यावे.

कागदपत्रे, पैसे आणि वाट

भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५० च्या करारामुळे भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे छायाचित्र असलेले मतदार ओळखपत्र जवळ असावे. केवळ आधार कार्डावर विसंबून विमानतळावर जाऊ नये. अमेरिका, इंग्लंड किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींना मात्र ही सवलत लागू होत नाही. त्यांना व्हिसा लागतो आणि पर्यटक व्हिसावर नेपाळमध्ये काम करण्यास मनाई आहे, मग ते विनावेतन का असेना. त्यांनी यजमान संस्थेमार्फत योग्य प्रकारचा व्हिसा मिळवावा आणि ‘विचारले तर फिरायला आलो म्हणून सांगा’ असा सल्ला देणारी संस्था तिथेच सोडून द्यावी.

मुंबईहून काठमांडूला विमान आहे. रेल्वेने जायचे असल्यास गोरखपूरपर्यंत गाडीने जाऊन तिथून सुनौलीची सीमा ओलांडता येते आणि पलीकडे भैरहवाहून काठमांडू किंवा पोखराच्या बसगाड्या मिळतात. जाजरकोटच्या बाजूला जाणाऱ्यांना बहराइचमार्गे रुपईडीहा-नेपाळगंज आणि पुढे सुर्खेत ही वाट जवळची पडते. डोंगरातील शेवटचा टप्पा जीपचा असतो आणि नकाशावर दिसणाऱ्या अंतरावरून त्याच्या वेळेचा अंदाज बांधू नये.

एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. शंभर रुपयांहून मोठ्या भारतीय नोटा नेण्याबाबतचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी आणि गावात एटीएम नसेल असे धरून नेपाळी चलनातील सुट्टे पैसे जिल्ह्याच्या ठिकाणीच घ्यावेत. विमा घेताना डोंगराळ भागातून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च आणि बांधकामावरील इजा या दोन्ही गोष्टी त्यात येतात की नाही, हे पॉलिसीच्या कागदात वाचून पाहावे. नुसत्या प्रवास विम्यात दुसरी गोष्ट बहुधा वगळलेली असते.

केव्हा जावे आणि काय तयारी करावी

जून ते सप्टेंबर हा पावसाळा बांधकामासाठी आणि प्रवासासाठी सर्वस्वी गैरसोयीचा असतो. दरडी कोसळून रस्ते बंद होतात, वाळू भिजते, पाया पाण्याने भरतो. आश्विनातील दसैं हा नेपाळचा सर्वांत मोठा सण असून त्या काळात आणि नंतरच्या तिहारमध्ये गवंडी आपापल्या घरी असतात. तेव्हा काम मागणे अयोग्य आहे. तिहारनंतर, म्हणजे आपली दिवाळी उरकल्यावर, कामाचा खरा हंगाम सुरू होतो. उंचावरील गावांत डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरतो आणि ताज्या काँक्रीटला थंडी बाधते, त्यामुळे नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा काळ निवडावा. नेपाळचे शैक्षणिक वर्ष विक्रम संवताच्या वैशाखात, एप्रिलच्या मध्यात सुरू होते, आणि त्याआधी वर्ग तयार व्हावेत अशी गावाची धडपड असते. त्या दिवसांत माणसांची गरज सर्वाधिक असते.

धनुर्वाताचे इंजेक्शन घेतल्याशिवाय बांधकामावर पाऊल ठेवू नये. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि कुत्र्याच्या चाव्याविरुद्धची लस यांबाबत डॉक्टरांशी निदान महिनाभर आधी बोलावे. पाणी उकळूनच प्यावे. पोलादी टोप असलेले सुरक्षा बूट आणि जाड चामडी हातमोजे इथूनच नेऊन ते आधी वापरून मऊ करावेत. नवे बूट डोंगरात पायांना फोड आणतात. सिमेंटमुळे कातडी भाजते, म्हणून रबरी हातमोजेही घ्यावेत. संरक्षक चष्मा आणि शिरस्त्राण यजमान संस्था देते का ते विचारावे, आणि देत नसेल तर स्वतःपुरते नव्हे, सोबतच्या डकर्मी-ज्यामींनाही पुरतील इतके नेण्याची व्यवस्था करावी. एकट्या पाहुण्याने शिरस्त्राण घालून उभे राहणे आणि शेजारी गावच्या माणसाने उघड्या डोक्याने दगड फोडणे, हे दृश्य मला कधीच सहन होण्यासारखे वाटलेले नाही.

बांधकामावर

या विषयात मराठी वाचकाला एक जाण आधीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीत आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे ज्या भिंतींखाली सापडली, त्या भिंती गोट्या-धोंड्यांच्या आणि मातीच्या होत्या: दोन बाजूंना दोन वेगळ्या दगडी थरांची तोंडे आणि मध्ये भरलेली खडी-माती. धक्का बसताच असे थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि बाहेर कोसळतात, आणि वरचे जड छप्पर खाली येते. नेपाळच्या डोंगरातही भिंती अशाच पडल्या. म्हणून भूकंपरोधक दगडी बांधकामाचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत, आणि हाताखालच्या माणसालाही ते माहीत असावेत, कारण त्याने उचलून दिलेल्या दगडानेच ते पाळले किंवा मोडले जातात.

सर्वांत महत्त्वाचा दगड तो, जो भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत सलग पोहोचतो. भिंतीची उंची दर दोन फूट वाढली की असे लांब दगड चार-चार फुटांच्या आत बसवावे लागतात, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. ढिगातून दगड वाहताना असे लांब दगड ओळखून वेगळे काढून ठेवणे, हे ज्यामीच्या कामातील सर्वांत उपयोगी काम आहे. डकर्मीला हवा तेव्हा लांब दगड हाताशी नसला, की घाईत आखूड दगडावर भागवले जाते आणि ती चूक गिलाव्याखाली कायमची झाकली जाते. असाच प्रकार कोपऱ्यांचा: तिथे दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतलेले असावेत, नुसते शेजारी टेकलेले नसावेत.

इमारतीभोवती जोत्याच्या, खिडकीच्या तळाच्या, चौकटीच्या वरच्या आणि छपराच्या पातळीवर जे सलग भूकंपरोधक पट्टे फिरतात, ते सर्व भिंतींना एकत्र बांधून ठेवतात. काँक्रीटच्या पट्ट्यातील सळया कोपऱ्यावर तोडून चालत नाहीत, त्या वळवून पुढच्या भिंतीत न्याव्या लागतात. सळयांभोवतीच्या रिंगांची टोके काटकोनात न वळवता त्याहून आत, १३५ अंशांत वाकवून गाभ्यात रोवावी लागतात. काटकोनातील टोक हादऱ्यात उघडते. रिंगा वाकवण्याचे काम स्वयंसेवकांना अनेकदा दिले जाते. लाकडी पाटावर खिळ्यांमध्ये सळई अडकवून पाइपच्या तुकड्याने ती पिळताना शेवटची ती जास्तीची ओढ देणे हाताला जड जाते, आणि पन्नासाव्या रिंगेनंतर मनगट ती चुकवू पाहते. तिथे थांबून दम घ्यावा, पण ओढ चुकवू नये.

माल कालवताना पाणी जास्त घालण्याचा मोह होतो, कारण पातळ माल फावड्याला हलका लागतो. जास्तीच्या पाण्याने काँक्रीट कमजोर होते. कालवलेला माल घट्ट होऊ लागला तर त्यात पुन्हा पाणी घालून वापरू नये. काँक्रीट ओतल्यावर किमान सात दिवस, आणि मिश्र (राख किंवा धातुमळी मिसळलेले) सिमेंट असल्यास दहा दिवस, ते ओले ठेवावे लागते. डोंगरात पाणी खालच्या धाऱ्यावरून, म्हणजे झऱ्यावरून, आणावे लागत असल्यामुळे नेमक्या याच कामात कुचराई होते. गोणपाट पसरून ते सकाळ, दुपार, संध्याकाळ भिजवत राहण्याची जबाबदारी दोन स्वयंसेवकांनी स्वतःहून उचलली, तर त्यांनी इमारतीला खरोखर काही दिले असे म्हणता येईल. या कामाचे छायाचित्र काढण्यासारखे काही नसते, आणि तरी मला ते सर्वांत मोलाचे वाटते.

काही चुकीचे दिसले, तर डकर्मीला सर्वांसमोर टोकू नये. ‘दाइ, यो यस्तै हो?’ (दादा, हे असेच असते का?) असे विचारून शंका मांडावी आणि तरीही खात्री पटली नाही तर साइटवरच्या अभियंत्याला एकांतात सांगावे. वयाने मोठ्या पुरुषाला दाइ, स्त्रीला दिदी, लहानांना भाइ-बहिनी म्हणावे. देवनागरी आपल्याला वाचता येते, ही इतर परदेशी स्वयंसेवकांना नसलेली सोय आहे. नेपाळी क्रियापदांची थोडी ओळख निघण्यापूर्वीच करून घेतली तर साइटवर कामाच्या सूचना समजू लागतात. हिंदी बहुतेकांना कळते, पण तिच्यावरच विसंबून राहणे यजमानांना नेहमीच रुचते असे नाही. भारत मोठा आणि नेपाळ लहान अशा सुरात कोणतीही तुलना करू नये. २०१५ च्या शरद ऋतूत सीमेवर इंधनाची आणि मालाची वाहतूक महिनोन्‌महिने अडली होती, तिची आठवण तिथे अजून ताजी आहे.

डोको म्हणजे बांबूची पाठीवरची करंडी, तिला लावलेला नाम्लो नावाचा पट्टा कपाळावर घेऊन तिथल्या बायका दगड-वाळू सहज वाहतात. नवख्याने तसा भार कपाळावर घेऊ नये. मानेला इजा होते. घमेले आणि ढकलगाडी यांवरच भागवावे.

मुलांच्या बाबतीत

शाळा सुरू असताना आवारात बांधकाम चालू असेल, तर पहिली जबाबदारी कुंपणाची आहे: खड्ड्यांभोवती, सळयांच्या ढिगाभोवती आणि चुन्या-सिमेंटच्या जागेभोवती रोज सकाळी दोरी बांधली आहे की नाही हे पाहावे. सळयांची उभी टोके झाकावीत. मुलांनी विटा वाहून ‘मदत’ करणे कितीही गोड वाटले तरी ते थांबवावे.

मुलासोबत एकट्याने खोलीत थांबू नये, त्याला फिरायला नेऊ नये, पैसे किंवा वैयक्तिक भेटवस्तू देऊ नयेत. वह्या-पेन्सिली न्यायच्या असल्यास त्या मुख्याध्यापकांच्या हाती द्याव्यात आणि शक्यतो त्या जिल्ह्याच्या बाजारातूनच घ्याव्यात. छायाचित्र काढण्यापूर्वी पालकांची आणि शाळेची परवानगी घ्यावी, आणि परवानगी मिळाली तरी मुलाचे नाव, गाव आणि चेहरा एकत्र येईल असे चित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला, तर स्वतः चौकशी करत बसू नये. संस्थेच्या नेमलेल्या व्यक्तीला कळवावे आणि गरज पडल्यास नेपाळच्या १०९८ या बाल हेल्पलाइनवर संपर्क साधावा. आपल्याकडचा क्रमांकही हाच असल्याने तो लक्षात राहतो.

‘मी पुन्हा येईन’ असे वचन मुलांना देऊ नये. निरोपाच्या दिवशी ते सहज तोंडातून निघते, आणि मुले ते धरून बसतात.

परतल्यानंतर

गावातून निघण्यापूर्वी व्यवस्थापन समितीसोबत बसून तीन गोष्टी लेखी करून घ्याव्यात: कोणते काम अपुरे राहिले आहे, त्यासाठी किती साहित्य आणि मजुरी लागेल, आणि ती रक्कम कोणत्या खात्यात कोणाच्या सहीने जाईल. परतल्यावर मित्रमंडळींकडून किंवा मंडळाच्या वर्गणीतून पैसे जमवायचे झाल्यास हाच कागद त्यांना दाखवावा, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना शाळेच्या पावतीची प्रत पोहोचवावी. वैयक्तिक खात्यातून वैयक्तिक खात्यात पाठवलेले पैसे कितीही विश्वासाने दिलेले असले, तरी गावात वाद निर्माण करतात.

पहिल्या पावसाळ्यानंतर, म्हणजे साधारण ऑक्टोबरमध्ये, मुख्याध्यापकांना फोन करून छपरातून गळते का, जोत्याजवळ पाणी साचते का, भिंतीला कोपऱ्यात तिरकी चीर दिसते का, संडासाला पाणी येते का आणि दारे बाहेरच्या बाजूला उघडतात की पावसाने फुगून अडकतात, हे एकेक करून विचारावे. बांधकामातील उणिवा याच काळात उघड होतात आणि त्यांच्या दुरुस्तीला लागणारा खर्च लहान असतो; पण त्यासाठी देणगीदार सहसा मिळत नाहीत, कारण नव्या इमारतीसारखी कोनशिला दुरुस्तीला नसते. आपल्या परतीच्या तिकिटाइतकी रक्कम याच कामासाठी आधीपासून बाजूला काढून ठेवावी आणि चिरेचे छायाचित्र मिळताच ते साइटवरच्या अभियंत्याकडे पाठवून, त्याने सांगितल्याप्रमाणे त्याच गावच्या डकर्मीकडून ती दुरुस्ती दसैं-तिहार उरकल्याबरोबर करून घ्यावी.